तुझ्या कपाळाइतक्या उंचीवर

करवीरनिवासिनी जगदंबेच्या चरणी मस्तक ठेवून, आणि सुतकामुळे इतके दिवस जिच्या पूजेला हात लावता आला नाही तिची क्षमा मागून, अक्का, मी हे तुला लिहावयास बसलो आहे. आज तुझी निधनशांत झाली. होमाची राख अजून कोमट आहे. पाने उठली, तुझी लेक मालती स्वयंपाकघरात भांडी आवरते आहे, आणि मला बाहेरच्या खोलीत कोणी काही काम सांगत नाही. काम सांगणारी तूच होतीस.

तुझे चरित्र सांगण्याचा माझा हेतू नाही. आजऱ्याचे तुझे सासर, तिथला संसार, मेहुणे गेल्यानंतरची वर्षे, आणि माझी पत्नी गेल्यावर तू तिथली घनसाळ तांदळाची गोणी आणि एक ट्रंक घेऊन शिवाजी पेठेत माझ्याकडे राहावयास आलीस ते, हे सारे आप्तांना ठाऊक आहे. मला बोलायचे आहे ते या शेवटच्या वर्षाविषयी. या वर्षी आपण दोघे म्हातारी भावंडे एकाच प्रश्नाभोवती बसून होतो, आणि तो प्रश्न आपल्याला बसवूनच निघून गेला.

त्याचा आरंभ साडीपासून झाला. एके सकाळी तू न्हाऊन आलीस आणि पायाशी लोळणाऱ्या निऱ्या पाहत म्हणालीस, "विष्णू, ही साडी वाढली की रे."

"धुतल्याने वस्त्र आटते, वाढत नाही," मी पोथीतून डोके न काढता म्हणालो.

"मग मी आटले असेन," तू म्हणालीस आणि हसत हसत आत गेलीस.

आणि तेच खरे होते. पाठीच्या दुखण्यासाठी तुला दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी फोटो प्रकाशासमोर धरला आणि दबलेले मणके बोटाने दाखवले. हातकणंगल्याकडच्या शेतकरी जैन घरातली ती मुलगी. बोलणे मऊ, पण आडपडदा नाही. "आज्जी, हाडं आतून विरळ झालीत. शेवग्याची वाळलेली फांदी असते ना, तशी. बाहेरून दिसायला धड, पण भार सोसत नाही." मग तिने पथ्ये सांगितली. जड उचलायचे नाही. घागर नाही, पाट नाही. आणि कमरेतून पुढे वाकायचे तर मुळीच नाही; वाकण्यानेच मणका पुढच्या बाजूने चेपतो.

"नमस्काराला?" तू विचारलेस.

"नमस्काराला सुद्धा नाही, आज्जी."

"देवाला?"

"देवालाही हात जोडून चालेल."

जिना उतरताना, माझ्या खांद्याला धरून, तू मला तुझी एकमेव अट सांगितलीस. "विष्णू, औषध कोणतं घ्यायचं ते तू आणि ती पोर ठरवा. मला एवढंच बघा, ज्यानं पुन्हा जमिनीला कपाळ टेकता येईल ते द्या." त्या दिवसापासून माझ्यासमोर प्रश्न तेवढाच उरला. हाड टिकवणारी औषधे अनेक होती. तुझी अट पुरी करणारे त्यांत एक तरी होते का, हे मला शोधायचे होते.

पहिली होती आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी. सोपी, बहुतेकांना देतात ती. डॉक्टरीणबाईंनी नियम बजावून सांगितले: उठल्याबरोबर, पोटात काही नसताना, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गिळायची, मग अर्धा तास ताठ बसायचे, आडवे व्हायचे नाही, वाकायचे नाही, दूधही घ्यायचे नाही. इथे आपला पहिला वाद झाला, तुला आठवत असेल. स्नान आणि पूजा झाल्यावाचून पाण्याचा थेंब तोंडात न घेण्याचा तुझा नेम लहानपणापासूनचा. मी शास्त्राधार काढला. औषधाने व्रताचा भंग होत नाही हे पूर्वजांनी किती स्वच्छपणे सांगून ठेवले आहे ते तुला विस्ताराने समजावले. तू शांतपणे ऐकलेस आणि मान डोलावलीस. मला वाटले, सिद्धांत मान्य झाला.

तो अर्धाच मान्य झाला होता. तू गोळी घेऊ लागलीस, पण पूजेनंतर, आणि पेलाभर पाण्याऐवजी तीर्थाबरोबर. पंचामृताच्या तीर्थाची एक पळी, तिच्यात दूध-दही, त्याने गोळी गिळायची, आणि लगेच देवापुढे वाकायचे. हेतू असा की औषध देवाच्या हातून पोटात जावे. ती गोळी घशातच चिकटत राहिली. छातीच्या मध्यभागी जळजळ सुरू झाली, घास गिळेना. पुन्हा दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारले आणि तू अभिमानाने सारा विधी सांगितलास.

मुलगी कपाळाला हात लावून हसू लागली. "आज्जी, आमची आज्जी पण सूर्योदयाआधी पाण्याला शिवत नाही. तिलापण हीच गोळी चालू आहे."

"मग ती काय करते?" तू उत्सुकतेने विचारलेस.

"ती गोळी हातात धरून सूर्य उगवायची वाट बघत बसते. उगवला की पेलाभर पाणी. तुम्ही तर देवालाच कंपाउंडर केलंत."

तूही हसलीस, पण खोकल्याने हसणे अर्धे राहिले. घसा इतका पोळला होता की गोळी बंदच करावी लागली. उपायांपैकी सर्वांत सोपा उपाय असा हातचा गेला.

याच सुमारास मी बाळू सुताराला बोलावले. तुला जमिनीवर बसवेना, वाकवेना, आणि देव पाटावर जमिनीशी. मग देवांनीच थोडे वर यावे असे मला वाटले. बाळूचे दुकान तालमीच्या शेजारी. संध्याकाळी पोरांच्या फुटबॉलच्या सामन्याविषयी मोठ्याने वाद घालणारा, मनाने निर्मळ माणूस. त्याने भिंतीला पेन्सिल लावली.

"गुरुजी, देव किती उंचीवर घ्यायचा?"

"अक्काच्या कपाळाइतका. उभ्या उभ्या तिचे कपाळ देवाच्या पायाशी टेकले पाहिजे."

"अक्का, जरा सरळ हुबं ऱ्हावा की."

"मेल्या, ही मी सरळच उभी आहे."

"व्हय? मग मीच वाकडा बघालोय." आणि तो पेन्सिल कानाला खोचत म्हणाला, "तसं अक्का, तुमाला वाकायची गरजच न्हाय. तुमी येता-जाता नमस्कारातच हाय की."

तू त्याला करंजी देऊन घालवलेस. पण तो गेल्यावर त्या नव्या फळीसमोर उभी राहून, कपाळ कडेला टेकवून, तू बराच वेळ तशीच राहिलीस. मी विचारले, "कसे वाटते?" तू म्हणालीस, "देव वर आला रे. पण मी खाली गेल्यासारखं वाटत नाही." नमस्कारात ज्याला खाली जावे लागते, ते कपाळ नव्हे, हे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवत आलो. तुझ्यासमोर ते वाक्य मला तोंडातून काढता आले नाही.

पुढचे महिने विचारविनिमयाचे. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे औषध होते. सलाईनसारखे, थोड्या वेळात होणारे, पण त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी, अंगातल्या जीवनसत्त्वाची भरपाई, आणि दात धड असणे आवश्यक. सहा महिन्यांनी कातडीखाली द्यायचे इंजेक्शन होते. ते घशाला त्रास देत नाही, पण एकदा धरले की सोडता येत नाही, वेळ चुकली तर मणके आधीपेक्षा वेगाने मोडू शकतात. आणि तिसरे, नवे हाड घडवणारे, रोज स्वतःला टोचून घ्यायचे, महाग, आणि तेही काही काळापुरते. नंतर दुसरे काही धरावे लागतेच. मी आपल्या सवयीने बसलो. प्रत्येक उपायाचा पूर्वपक्ष मांडला, त्याचे खंडन केले, उत्तरपक्ष मांडला, त्यावरही शंका काढली. मालती चंदगडहून फोन करी; तिथे शाळेत शिकवते, पावसात एसटी अडकली की सुट्टीतही येणे होत नाही. तिचे म्हणणे ठाम होते.

"मामा, वर्षातून एकदाचं घ्या. अजून विचार काय करायचा?"

"त्यानंतर ताप येतो म्हणतात. अंग मोडून येते."

"दोन दिवस येईल. मग आई वर्षभर मोकळी."

"आणि सहा महिन्यांचे?"

"तुम्ही दोघं वेळेवर जाल का? आई एकादशीला सुईला हात लावू देणार नाही."

तू पलंगावरून ओरडलीस, "एकादशी दर पंधरवड्याला येते ग! सहा महिन्यांत एक दिवस निवडता येणार नाही एवढी वेडी नाही मी!" आणि मग माझ्याकडे वळून, "विष्णू, तुझा सिद्धांत निघेपर्यंत माझं हाड थांबणार आहे का?"

हा टोमणा नवा नव्हता. मी पाठशाळेत असताना तू चुलीपुढे बसून माझी संथा ऐकायचीस. अर्थ तुला कोणी शिकवला नव्हता. पण एक स्वर घसरला की पोळपाटावर लाटणे आपटायचीस आणि मी त्या ओळीवर परत जायचो. मला जे थोडेफार शास्त्र आले, त्यातले निम्मे त्या लाटण्याने दिले. मंडळींपुढे हे म्हणायला मला कधी सुचले नाही. आज म्हणतो आहे, आणि ऐकणारी तू नाहीस.

आपण शेवटी मालतीच्या पक्षात आलो. वर्षातून एकदाचे औषध ठरले. मी डॉक्टरीणबाईंना तुझी अट पुन्हा विचारली: याने तिला वाकता येईल का? तिने खोटे सांगितले नाही. "काका, याने पुढचं मोडणं कमी होतं. दबलेला मणका वर येत नाही. वाकणं यापुढे नाहीच." मी परत येऊन तुला हे सांगितले तेव्हा तू वाती वळत होतीस, मांडीवर उशी, उशीवर कापूस, कारण तेवढेही वाकणे मना होते. तू वात वळतच राहिलीस. "मग घ्यायचं कशाला?" एवढेच म्हणालीस. पुढच्या क्षणी स्वतःच, "बरं, घेऊ. निदान तुला माझं ओझं उचलावं लागू नये." त्या वाक्यावर वाद घालायचा राहून गेला, अक्का. तुझे ओझे मला कधी झाले नव्हते. आणि फळीच्या दिवशी नमस्काराचे ते वाक्य मी म्हणायला हवे होते की नको, याचाही निर्णय आता होणार नाही.

औषधाआधी दंतवैद्याने दात पाहिले. मागची दाढ किडलेली निघाली. ती काढावी लागली आणि हिरडी भरून येईपर्यंत थांबावे लागले. नाहीतर जबड्याच्या हाडाला अपाय होतो असे दोन्ही डॉक्टरांचे मत पडले. योग्यच होते ते. त्या थांबण्याच्या काळात तू आणखी आटलीस. कपाळ फळीच्या कडेखाली जाऊ लागले. बाळू पुन्हा आला. त्याने तुझ्या समोर पट्टी धरली, जुनी पेन्सिलची खूण पाहिली. फळी खाली घेतली, खिळे ठोकले, आणि जाता जाता मला दाराशी हळूच म्हणाला, "गुरुजी, लाकूड काय वाढलेलं न्हाय हो." मला ठाऊक होते.

हिरडी भरली. औषधाचा दिवस ठरला. आणि त्याच्या अलीकडे, सकाळच्या पूजेत, फुले वाहता वाहता कपाळ टेकवायला तू एक पाय मागे घेतलास. मी बाहेर चंदन उगाळत होतो. आवाज आला, कोरडा, छोटासा. आत आलो तेव्हा तू फळीखाली बसलेली होतीस आणि हातातले जास्वंदीचे फूल अजून धड होते.

बाळू आणि तालमीतली पोरे धावली. तुला खाली नेताना प्रत्येक पायरीवर बाळू पुढच्यावर खेकसत होता, "हळू रं, हळू! काचंचं भांडं हाय न्हवं!" गाडीत तू माझा हात धरलास. चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे पाठशाळेच्या दिवसांतल्यासारखे होते.

"विष्णू, मी पडले म्हणून मोडलं, की मोडलं म्हणून पडले?"

"अक्का, आता बोलू नकोस."

"बोलू नकोस काय? कारण आधी, कार्य नंतर. तूच म्हणतोस ना. मग सांग, कारण कोणतं?"

दवाखान्यात पोहोचल्यावर मी डॉक्टरीणबाईंना विचारले. तिने मान हलवली. "काका, दोन्ही होतं. कधी हाड उभ्या उभ्याच मोडतं आणि माणूस खाली येतो. आता ते सांगता येत नाही." खुब्याचा फोटो तिने दाखवला. त्याच कमरेवर, अक्का, तू मला गल्लीभर मिरवले होतेस. आई सांगायची की एवढीशी पोर, पण भाऊ खाली ठेवीना. ज्या हाडावर मी जग पहिल्यांदा पाहिले, त्याच्यातून एक काळी रेघ तिरकी गेलेली मी पाहिली आणि मला काहीही करता आले नाही. शस्त्रक्रिया झाली, ती चांगली झाली. पण छातीत कफ साचला, आणि तो काही उतरला नाही. मी उशाशी बसून नामस्मरण करीत होतो. तू डोळे उघडलेस की मला वाटे आता पुढचा प्रश्न येईल. तो आला नाही. तुझ्या त्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून राहूनच गेले, आणि शास्त्रात ज्याला उत्तर नाही असे काही असते हे मला इतक्या उशिरा, इतक्या जवळून कळले.

वेळेवर ते औषध मिळाले असते तर? मी हेही विचारले. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की पहिल्या मात्रेने इतक्या लवकर हाड राखले असते असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकणार नाही. ती हे माझे समाधान करण्यासाठी म्हणाली की खरेच तसे आहे, ते मी विचारले नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होते, तेवढे मला पुरले.

तुला मुलगा नाही, म्हणून सारे कार्य मी केले. रक्षाविसर्जनाच्या सकाळी पंचगंगेकाठी अस्थी वेचताना भटजींनी क्रम सांगितला: पायाकडून डोक्याकडे. मी वाकलो. वर्षभर ज्यांच्या घनतेचे आकडे आपण कागदावर पाहत होतो, त्या अस्थी माझ्या तळहातावर होत्या आणि त्यांना वजन नव्हते. मडके भरले तरी हलके. नदीत सोडताना मी फक्त एवढेच मागितले की यापुढे तुला जिथे कुठे नमस्कार करावासा वाटेल, तिथे कोणी तुला मना न करो.

आज सुतक फिटल्यावर मी प्रथमच देवांसमोर उभा राहिलो. इतके दिवस शेजारच्या भटजींनी पूजा केली. ते ठेंगणे, त्यांना फळी बरोबर होती. मला ती खाली पडते. कमरेतून नीट वाकल्याशिवाय माझे कपाळ तिच्या कडेला पोहोचत नाही. तुझ्या कपाळाच्या तेलाचा काळसर डाग त्या कडेवर आहे. मी त्यावरच टेकवले.

मागे पावलांचा आवाज झाला. बाळू जेवून पानसुपारी घेऊन निघाला होता. दाराशी थांबून माझ्याकडे पाहत होता. "गुरुजी, आता फळी वीतभर वर घिऊ काय? तुमास्नी लई वाकावं लागतंय. ह्या वयात बरं न्हाय ते."

"राहू दे, बाळू," मी म्हणालो. "त्याच उंचीवर राहू दे."

तो चपला घालायच्या सोडून आत आला आणि माझ्या शेजारी वाकला.

हे वाचणाऱ्या सज्जनांनो, जगदंबा तुमच्या घरातल्या थोरांची पाठ राखो. त्यांच्या वस्त्राला निऱ्या जास्त पडू लागल्या तर तुमच्या डोळ्यांना ते दिसो, आणि वैद्याच्या दारात योग्य वेळी योग्य ते सुचो. आणि जे आपल्या हाती राहत नाही त्यापुढे, तुमच्या घरातल्या प्रत्येकाला, लहानथोर सर्वांना, वाकायला जागा आणि टेकायला आधार सदैव मिळो. शुभं भवतु.